आमच्या वाट्याचा फ्रेंच माणूस

मस्यूंना कुणी पटकन ‘हो’ म्हणालं की ते नाराज व्हायचे.

“आधी नाही म्हणा,” ते सांगायचे. “मग आपण बोलू. हो म्हटल्यावर बोलायला उरतं काय?”

हे मी बहुतेक वेळा त्यांच्या जुन्या गाडीत, शारजाहून दुबईला जाताना ऐकलेलं आहे. आम्ही शारजाला एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो आणि दोघांचं ऑफिसही एकच. सकाळच्या त्या मुंगीच्या चालीच्या ट्रॅफिकमध्ये दोन गाड्या कशाला घालायच्या, म्हणून मी त्यांच्याबरोबर जायला लागले. गाडीचा एक नियम होता. विषय कोणताही चालेल, मतं मात्र वेगळी हवीत. एकदा मी बसता बसता सहज म्हटलं, “आज हवा फार दमट आहे.” ते म्हणाले, “नाही.” मी म्हटलं, काचेवर पाणी धरलंय, दिसत नाही का? त्यावर ऑफिस येईपर्यंत आम्ही दमटपणा म्हणजे नक्की काय यावर वाद घातला. उतरताना ते इतके खुशीत होते की गाडी लॉक करायलाही विसरले.

सुरुवातीला मला वाटायचं, या माणसाला मी आवडत नाही. घरी येऊन नवऱ्याला सांगायचे, फ्रेंच लोक भारी भांडखोर असतात. पुढे पुढे नवराच म्हणायला लागला, “हल्ली तू चहा घेणार का विचारलं तरी आधी नाही म्हणतेस. तुला फ्रेंच चढलाय.”

आमची कंपनी कोल्ड स्टोरेज उभारते. मासळी, फळं, औषधं ठेवायच्या थंड खोल्या. मी पुण्याची, मेकॅनिकल इंजिनियर, तिथे प्रोजेक्टचं काम बघते. आमचे मालक लेबनीज. तरुणपणी पॅरिसला शिकायला होते आणि त्या दिवसांबद्दल बोलायला लागले की त्यांचा आवाज बदलायचा. त्यांनीच एके दिवशी जाहीर केलं की आपल्याकडे दरवाजे आणि इन्सुलेशनचा मुख्य तज्ज्ञ म्हणून एक फ्रेंच गृहस्थ येताहेत. त्या आठवड्यात ऑफिसात दुसरा विषय नव्हता. रिसेप्शनवरची फिलिपिनो मुलगी म्हणाली, ते गालाला गाल लावून नमस्कार करतात, तर आपण काय करायचं. अकाउंट्समधल्या मल्याळी बाबूंना वाटत होतं, आता अत्तराचे चांगले ब्रँड विचारता येतील. मी स्वतः एक चांगला सुती कुर्ता इस्त्री करून ठेवला होता. मालकांच्या डोक्यात तर अख्खा माणूस तयारच होता: रेशमी स्कार्फ, मंद हसू, गिऱ्हाइकांसमोर दोन गोड वाक्यं.

आले ते साठीकडे झुकलेले, जाड भुवयांचे, कॉलर विरलेल्या शर्टातले गृहस्थ. अंगाला साध्या साबणाचा आणि थोडा मशीनच्या तेलाचा वास. मल्याळी बाबूंनी त्याच दिवशी त्यांना ‘मस्यू’ म्हणायला सुरुवात केली आणि सगळ्यांनी ते उचललं. फ्रेंचमध्ये गृहस्थाला तसंच काहीसं म्हणतात म्हणे. आम्ही मात्र ते त्यांचं नावच करून टाकलं.

माझी आणि त्यांची पहिली भेट वाईट झाली. मी ड्रॉइंग घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले आणि म्हटलं, “या दाराच्या फ्रेमचं माप चुकलंय असं वाटतं.” त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “बाँजूर, मादाम.”

मी म्हटलं, “हो. तर ही फ्रेम.”

“बाँजूर, मादाम.”

मला वाटलं यांना ऐकू कमी येतं. मी जरा मोठ्यानं फ्रेमचं सांगितलं. तिसऱ्यांदा तेच उत्तर आलं, तितक्याच शांतपणे. मी ड्रॉइंग गुंडाळून परत आले आणि रिसेप्शनवर जाऊन तक्रार केली, इतका उद्धट माणूस मी पाहिला नाही. दुपारी तेच माझ्या टेबलाशी आले, सावकाश बाँजूर, म्हणजे नमस्कार, म्हणाले, मी बाँजूर म्हणेपर्यंत थांबले, आणि मग म्हणाले, “सकाळी तुम्ही दार न वाजवता माझ्या दिवसात शिरलात. मी फक्त दार दाखवत होतो. आता फ्रेम बघू.”

फ्रेमचं माप खरंच चुकलं होतं. ते त्यांनी लगेच मान्य केलं. माझं बरोबर निघाल्याचा त्यांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला.

रोज सकाळी ते अख्ख्या ऑफिसात फिरून एकेकाशी हात मिळवायचे. आमच्याकडे व्हिसाची कामं बघणारी एक अमिराती मुलगी होती. पहिल्या दिवशी तिनं हात पुढे न करता छातीवर ठेवून मान लववली. मस्यूंना ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवसापासून सगळ्या बायकांना ते तसाच नमस्कार करायला लागले. रिसेप्शनवरची मुलगी थोडी हिरमुसली. गालाला गाल लावायची तिनं मनाची तयारी केली होती.

लोक त्यांच्याकडून काय काय मागायचे. पॅरिसमध्ये काय बघावं, असं प्रत्येकजण विचारायचा. ते पॅरिसला आयुष्यात मोजक्या वेळा गेले होते आणि दर वेळी डोकेदुखी घेऊन परत आले होते. ते फ्रान्सच्या अगदी उत्तरेकडचे, जुन्या कोळशाच्या खाणींच्या मुलखातले. तिथे द्राक्षं पिकत नाहीत, बटाटे पिकतात, आणि पाऊस पडतो. कुठला ब्रेड चांगला असं विचारलं तर म्हणायचे, आपल्या बिल्डिंगखालच्या इराणी बेकरीतला. ऐकणाऱ्याचा चेहरा पडायचा. फ्रान्सहून आलेल्या माणसानं शारजाच्या रोटीचं कौतुक करावं हे कुणालाच मंजूर नव्हतं.

त्यातून ते राहतात शारजाला, जिथे दारू मिळत नाही. यामागे काहीतरी भानगड असणार, यावर ऑफिसचं एकमत होतं. मी एकदा गाडीत धीर करून विचारलं.

“माझे वडील बार चालवायचे,” ते म्हणाले. “आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो. सगळं लहानपण मी त्या आवाजावर झोपलो. माणसं आधी हसायची, मग गायची, मग रडायची, मग खुर्च्या सरकवायची. इथे संध्याकाळी खाली बाप लोक पोरांना सायकल शिकवत असतात. मला हा आवाज पुरतो.”

त्या दिवशी मी वाद घातला नाही आणि त्यांनीही तो मागितला नाही.

जेवणाच्या बाबतीत मात्र त्यांनी ऑफिसशी सरळ युद्ध केलं. आम्ही सगळे आपापल्या स्क्रीनसमोर डबा उघडायचो, एका हातानं घास आणि दुसऱ्या हातानं माऊस. मस्यू पॅन्ट्रीतल्या टेबलावर कापडी रुमाल अंथरायचे, रोटी, पांढरं चीज, टोमॅटो आणि काकडी मांडायचे आणि एकटेच बसायचे. एकदा जाता जाता माझ्या डब्याकडे बघून म्हणाले, “तुमची भाजी तिथे दुःखी दिसतेय.” मी हसण्यावारी नेलं. पण ते मनात राहिलं आणि एक दिवस मी डबा घेऊन पॅन्ट्रीत गेले. मग बाबू आले. मग रिसेप्शनवरची मुलगी. टेबलाला एकच अट होती, कामाचं बोलायचं नाही. कुणी चुकून शिपमेंट म्हणालं की मस्यू काट्यानं ग्लासवर टिचकी मारायचे. मालक तिथे डोकावायचे आणि म्हणायचे, “हे बघा, फ्रेंच लोक. जेवतात फार, काम करतात कमी.” त्यांच्या बोलण्यात तक्रार अर्धी आणि अभिमान अर्धा असायचा. कारण गिऱ्हाइकांना ते हेच सांगायचे, आमच्याकडे अस्सल फ्रेंच माणूस आहे, जेवताना फोन उचलत नाही.

आमच्या घरी त्यांना जेवायला बोलवायचं ठरलं तेव्हा माझ्या सासूबाई, म्हणजे आई, काळजीत पडल्या. “त्यांना काय लागतं ते मला माहीत नाही बाई. काटे-चमचे तरी धड आहेत का आपल्याकडे?” शेवटी त्यांनी भरली वांगी, भाकरी, ठेचा आणि खीर केली. मस्यू फुलं घेऊन आले, आईंना छातीवर हात ठेवून नमस्कार केला आणि जेवायला बसले.

आई मराठीत बोलत होत्या, ते फ्रेंचमध्ये. मी मध्ये आईंचं बोलणं इंग्रजीत सांगू पाहत होते, पण दोघांनाही माझी फारशी गरज वाटत नव्हती.

“अजून एक भाकरी घ्या,” आई म्हणाल्या.

“नाँ,” मस्यू म्हणाले.

आईंचा हात तसाच राहिला. आमच्याकडे पहिलं नाही हे नाही नसतंच. मी घाईघाईनं समजावलं, त्यांच्याकडे नाही म्हणजे नाही. आईंनी भाकरी ठेवली आणि थोड्या वेळानं जरा साशंकपणे वांग्याचं भांडं पुढे केलं.

“वुई,” मस्यू म्हणाले, आणि तीन वांगी वाढून घेतली.

आई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “सोपा आहे गं हा माणूस. माझं सगळं आयुष्य गेलं, कुणाचं कुठलं नाही खरं ते ओळखण्यात.”

शेवटी त्यांनी भाकरीच्या तुकड्यानं ताट असं पुसून घेतलं की घासायची गरज पडू नये. आईंनी ते नीट पाहिलं. आणि मग जे आम्ही घरात नेहमी करतो तेच झालं. जेवण संपलं, खीर संपली, हात वाळले, तरी कुणी उठेना. गप्पा चालूच. मस्यूंनी खिशातून एक लहान डबी काढली, म्हणाले, कॉफी करायची असेल तर यातलं घाला. आईंनी वास घेतला आणि म्हणाल्या, “अगं, चिकोरी. आमच्या लहानपणी कॉफीत हीच असायची.” मस्यूंच्या आजीकडेही नुसती हीच असायची. ते गेल्यावर आई म्हणाल्या, “तू उगीच घाबरवलंस. फ्रेंच लोक आपल्यासारखेच असतात.”

माझी मुलगी तेव्हा आठवीत होती आणि शाळेत फ्रेंच शिकत होती. तिच्या पुस्तकातला फ्रेंच माणूस सकाळी क्रोसाँ खायचा, बेरे नावाची चपटी टोपी घालायचा आणि पॅरिसमध्ये नदीकाठी फिरायचा. ‘माझ्या ओळखीची एक फ्रेंच व्यक्ती’ असा प्रोजेक्ट आला तेव्हा तिला वाटलं, आपल्याला लॉटरी लागली. वही घेऊन ती खालच्या मजल्यावर गेली. पॅरिसमधली आवडती जागा कोणती, असं तिनं विचारलं. “रेल्वे स्टेशन,” मस्यू म्हणाले. “तिथून बाहेर जाता येतं.” तिनं सगळं खरं खरं लिहिलं: चिकोरी, इराणी रोटी, दारू नाही, पॅरिस नको. टीचरनी ते परत दिलं. ही व्यक्ती फ्रेंच वाटत नाही, पुन्हा लिही, असा शेरा होता.

“बट ही इज फ्रेंच, आई,” ती रडवेली होऊन म्हणाली. “ही इज लाइक, अॅक्च्युअली फ्रॉम देअर.”

मला टीचरशी बोलायचं होतं. मस्यूंनी थांबवलं. “टीचरचं चूक नाही,” ते मुलीला म्हणाले. “मलाही मी फ्रेंच वाटत नाही. आपण असं करू, त्यांना हवा तो माणूस लिहू. आणि हा तुझ्याजवळ ठेव.” मग दोघांनी मिळून एक बेरेवाला माणूस रचला. त्याला त्यांनी एक कुत्राही दिला. दोघं इतके हसत होते की वरच्या मजल्यावर ऐकू येत होतं.

पण मस्यू म्हटलं की मला पहिल्यांदा आठवतं ते डोंगरापलीकडचं बंदर, खोर फक्कान.

तिथल्या एका वयस्क मासळी व्यापाऱ्यासाठी आम्ही मोठं कोल्ड स्टोरेज बांधत होतो. काम संपत आलं होतं, उद्घाटनाचं ठरलं होतं, पाहुण्यांना बोलावणी गेली होती. फक्त एक गोष्ट राहिली होती. उणे तापमानाच्या खोलीच्या दाराला चौकटीतून एक गरम तार फिरवावी लागते. नाहीतर समुद्राकाठच्या दमट हवेचं पाणी चौकटीवर धरतं, गोठतं, आणि दार चिकटून बसतं. मग आतून उघडायचा दांडा कितीही दाबला तरी उपयोग नसतो. ती तार बाहेरून यायची होती आणि आली नव्हती.

मालक, मस्यू आणि मी गाडीतून निघालो. डोंगरातले बोगदे ओलांडताना मालक म्हणाले, “दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे. तार येईल, इन्शाल्ला. आज फक्त त्यांच्यासमोर हो म्हणा.”

“देवाच्या इच्छेबद्दल मला आदर आहे,” मस्यू म्हणाले. “पण तार आपल्याला लावायची आहे.”

“हे बघा, तुमच्या फ्रान्समधली संपाची भाषा इथे नको.”

“मी संपावर नाही. मी कामावर आहे. हेच काम आहे.”

साइटवर व्यापारी वाट बघत होते. पांढरी दाढी, हातात जपमाळ, मुंबईशी जुना व्यापार केलेला असल्यानं हिंदी अस्खलित. मालकांनी सगळं तयार असल्याचं सांगायला सुरुवात केली. मस्यूंनी मध्येच हात वर केला. “मीटिंग आत घेऊ या का?” ते म्हणाले. “थंड खोलीत. दार लावून.”

व्यापाऱ्यांना गंमत वाटली. तिघांनी जाड कोट चढवले. मस्यूंनी दार मुद्दाम थोडा वेळ सताड उघडं ठेवलं, बाहेरची हवा धुक्यासारखी आत शिरताना आम्ही पाहत होतो. मग ते माझ्याकडे वळले. “मादाम, दार लावा. आम्ही ठोठावलं की जरा थांबा. मग ओढा.”

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला कळली. माझा व्हिसा त्यांच्या कंपनीवर होता, मुलीची शाळा, सासूबाईंचं आमच्याकडे राहणं, सगळं त्या नोकरीवर. मला अजून आठवतं, दाराची मूठ हातात गार लागत होती. मी दार लावलं.

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग आतून दांडा दाबल्याचा आवाज आला. पुन्हा आला. मग जोरात. मग मुठींनी ठोठावणं सुरू झालं. मी थोडीशी थांबले आणि ओढलं. दार हललं नाही. बाहेरच्या दोन कामगारांना हाक मारली, तिघांनी मिळून पाय रोवून ओढलं तेव्हा चौकटीवरचा बर्फ काचेसारखा तडकला आणि दार सुटलं.

मालकांचा चेहरा पांढरा पडला होता. मस्यू कोटाची बटणं काढत चौकटीवरचा तडकलेला बर्फ बघत होते. व्यापारी बाहेर येऊन उन्हात उभे राहिले. जपमाळ फिरायची थांबली होती.

“इस में मेरे लोग काम करेंगे,” ते हळू म्हणाले. “मेरा पोता भी.” मग मालकांकडे वळून म्हणाले, “मेहमानों को मैं फोन कर दूँगा. पहले दरवाज़ा.”

परतीच्या वाटेवर मालक आणि मस्यू फ्रेंचमध्ये बोलायला लागले. आवाज चढले, हात उडायला लागले. मागच्या सीटवर मला एक शब्द कळत नव्हता. मी मनात नोकरीच्या जाहिराती बघायला सुरुवातही केली. बिल्डिंगखाली उतरल्यावर दोघांनी मात्र हात मिळवले आणि मालक निघून गेले.

“काय झालं?” मी विचारलं. “काढून टाकलं का आपल्याला?”

“नाही. दाराचं बोलणं तर लगेच संपलं. ते घाबरले होते, आणि घाबरल्याचं त्यांनी कबूल केलं. चांगला माणूस आहे.”

“मग एवढा वेळ काय चाललं होतं?”

“फ्रेंच माणूस कसा असतो, ते मला समजावून सांगत होते.”

तार आली, दार झालं, उद्घाटनही झालं. त्यानंतर मालकांनी मस्यूंना पार्ट्यांमध्ये मिरवायचं सोडून दिलं आणि प्रत्येक साइटवर शेवटची नजर टाकायला त्यांनाच पाठवायला लागले. दोघेही जास्त सुखी झाले.

निवृत्त होऊन ते आपल्या गावी परत गेले, धाकट्या बहिणीजवळ. गेल्या डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही सगळे त्यांच्याकडे गेलो, आईंनाही घेऊन. शाल, स्वेटर, मोजे आणि मोज्यांवर चपला, अशा थाटात आईंनी फ्रान्स पाहिला. मस्यूंचं गाव ते सांगायचे तसंच होतं, भुरभुर पाऊस आणि खाणींच्या मातीच्या टेकड्या, ज्यांवर आता गवत उगवलंय. बहीण शाळेत इंग्रजी शिकवायची, त्यामुळे बोलणं सोपं गेलं.

जेवताना मी तिला मस्यूंच्या गोष्टी सांगितल्या. गाडीतले वाद, ऑफिसातलं टेबल, मीटिंग थंड खोलीत घेणं. म्हटलं, तेव्हापासून आम्ही फ्रेंच लोकांना चांगलं ओळखतो.

तिनं चमचा खाली ठेवला आणि हसायला लागली. डोळे पुसून म्हणाली, “बाँजूर आमचं आहे, कबूल. ताट पुसणंही. बाकीचं सगळं त्याचं. लहानपणापासून असाच आहे. गावात लोक म्हणायचे, हा कुठल्या देशातून आलाय?”

मस्यू बटाटे वाढत होते. त्यांनी काहीच ऐकलं नाही असा चेहरा ठेवला, पण कान लाल झाले होते.

आमचं हॉटेल जवळच होतं. निघायची वेळ झाली. बहीण पोचवायला दारापर्यंत आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली. आम्ही बाहेर पायरीवर. ती मुलीच्या अभ्यासाबद्दल विचारायला लागली, मग आमच्याकडे हिवाळ्यात कुठल्या भाज्या मिळतात, मग आईंच्या गावाबद्दल. वारा बोचरा होता. नवरा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. मी डोळ्यांनीच त्याला दटावलं, त्यांची रीत असेल, मध्येच निघणं बरं दिसायचं नाही. बहिणीचे ओठ निळे पडत चालले होते, तरी ती नवा विषय काढत होती.

शेवटी आईच मराठीत म्हणाल्या, “अगं, या बाईला आत जायचं नाहीये का? कुडकुडतेय बिचारी.”

बहिणीनं विचारलं, काय म्हणाल्या. मी सांगितलं.

“मी?” ती म्हणाली. “मी तुमच्यासाठी थांबलेय. तो म्हणाला होता, भारतीय लोक दारात उभं राहून पुन्हा सगळं बोलतात, आणि त्याआधी दार लावलं तर मन दुखावतं.”

“आम्ही तुमच्यासाठी थांबलोय,” मी म्हटलं. “आम्हाला वाटलं, ही तुमच्याकडची पद्धत.”

ती मागे वळली. मस्यू आत भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभे होते. तिनं त्यांना फ्रेंचमध्ये काहीतरी सुनावलं. ते माझ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाले, “मला वाटलं, तुम्हाला बोलायचंय.”

बहीण आत गेली, एक जाड लोकरी शाल घेऊन आली आणि ती आईंच्या खांद्यांवर टाकली. स्वतःही कोट घातला. मग पुन्हा चौकटीला टेकून तिनं आईंना विचारलं, “हं, तर तुमच्या गावाकडे मेथी कधी पेरतात?”